भिंत, छप्पर आणि हप्ता



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना लोकशिक्षणाची आस होती. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी असा विषय सुचवला, की ज्याची पडताळणी तुम्हाला आज घरी गेल्यावर स्वतःच्या घरात करता येईल. वादळ, भूकंप, आग यांना तोंड देईल असं काँक्रीटचं घर बांधलं, तर घराच्या विम्याचा हप्ता खरोखर कमी होतो का? आणि होत असेल, तर नेमका कशामुळे?

उत्तर आधीच सांगून टाकतो. हप्ता कमी होतो, काही ठिकाणी चांगलाच कमी होतो. मात्र नुसतं काँक्रीट ओतलं म्हणून कोणतीही विमा कंपनी सवलत देत नाही. छप्पर भिंतीला कसं जखडलं आहे, भिंत पायाला कशी जखडली आहे, हे एखाद्या जबाबदार माणसानं डोळ्यांनी पाहिलं, त्याचे फोटो काढले आणि कागदावर सही केली, की मग हप्ता उतरतो. माझं आजचं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

ही गोष्ट मला सर्वांत स्पष्ट दिसते ती अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात. तेव्हा आधी तिथे जाऊ.

२४ ऑगस्ट १९९२. पहाटेच्या सुमाराला अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड गावाजवळ जमिनीवर आलं. वारा ताशी सुमारे २६५ किलोमीटर. काही तासांत पंचवीस हजारांहून जास्त घरं जमीनदोस्त झाली आणि लाखभर घरांचं नुकसान झालं. विमा कंपन्यांना सुमारे १५ अब्ज डॉलर मोजावे लागले आणि कित्येक लहान कंपन्या त्या ओझ्याखाली बुडाल्या. कॅरेन क्लार्क नावाच्या एका बाईंनी संगणकावर वादळांची गणितं मांडणारी कंपनी १९८७ साली काढली होती. वादळ आलं त्याच दिवशी त्यांनी कळवलं, की नुकसान १३ अब्जांच्या वर जाऊ शकतं. विमाक्षेत्रातल्या जाणत्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे आकडा त्याहून मोठा निघाला आणि तेव्हापासून विमा कंपन्या घराकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागल्या.

पण मला तुमचं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे वेधायचं आहे. एकाच वादळात काही घरं मोडून पडली आणि काही उभी राहिली. कंट्री वॉक नावाची एक बऱ्यापैकी नवी, मध्यमवर्गाला परवडेल अशी वसाहत होती. तिची अक्षरशः वाताहत झाली. आणि त्याच वादळाच्या वाटेवर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेनं गरीब कुटुंबांसाठी, स्वयंसेवकांच्या हातांनी बांधलेली साधी घरं होती. ती टिकली. असं का व्हावं? स्वयंसेवकांना काय ठाऊक होतं, जे ठेकेदारांना नव्हतं?

खरं सांगायचं तर, ठाऊक दोघांनाही होतं. दक्षिण फ्लोरिडात बांधकामाची संहिता १९५७ पासून लागू होती आणि ती अमेरिकेतल्या कडक संहितांपैकी एक मानली जाई. पण तपासनीस थोडे, बांधकामं भरमसाट. छपराच्या फळ्यांना जिथे खिळे हवेत तिथे काही ठेकेदारांनी स्टेपलच्या पिना मारल्या, आणि त्यांतल्या कित्येक पिना खालच्या वाशाला लागल्याच नाहीत, बाजूनं निसटून हवेत राहिल्या. स्वयंसेवकांनी मात्र, भीतीपोटी म्हणा की निष्ठेपोटी, सांगितल्यापेक्षा जास्तच खिळे ठोकले. घर वाचलं ते त्या खिळ्यांनी.

आता वारा घर कसं पाडतो, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपल्याला वाटतं, वारा भिंतीला ढकलतो आणि भिंत पडते. ढकलतो हे खरं. पण घराचा पहिला शत्रू आहे तो वर उचलणारा जोर. छपरावरून वेगानं जाणारा वारा छपराला वर ओढतो, विमानाच्या पंखाला ओढतो तसा. दुपाखी छपराच्या दोन्ही टोकांना, आढ्याखाली, जी त्रिकोणी भिंत असते, ती वाऱ्याला थेट छातीवर घेते. ती आत कोसळली, किंवा एखादी खिडकी फुटली, किंवा मोटारीच्या खोलीचं रुंद दार आत दबलं, की वारा घरात शिरतो आणि आतून छपराला वर रेटू लागतो. म्हणजे वरून ओढ आणि खालून रेटा. छप्पर गेलं की भिंतीचा वरचा आधार जातो, आणि मग भिंत पडते. पाऊस आत येतो तो वेगळाच. कित्येक घरांत वाऱ्यानं केलेल्या नुकसानापेक्षा त्यानंतरच्या पाण्यानं केलेलं नुकसान मोठं असतं.

यात काँक्रीट काय करतं? तीन कामं करतं. एक, त्याचं वजन. काँक्रीटचा स्लॅब सहजासहजी उचलला जात नाही. दोन, उडत येणाऱ्या वस्तूंचा मार ते सोसतं. टेक्सस टेक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पंधरा पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सात किलोंचा लाकडी वासा तोफेसारख्या यंत्रातून ताशी १०० मैल वेगानं भिंतीवर मारतात. लाकडी चौकटीच्या भिंतीतून तो आरपार जातो, सळई घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीवर आपटून तुटतो. आणि तिसरं म्हणजे काँक्रीट जळत नाही, त्याला वाळवी लागत नाही. अमेरिकेत आगीच्या दृष्टीनं इमारतींचे सहा वर्ग करतात. लाकडी चौकटीचं घर सर्वांत खालच्या वर्गात येतं आणि त्याचा दर सर्वांत चढा असतो. आगीबद्दल इतकंच पुरे.

हल्ली तिथे एक पद्धत रुळली आहे. थर्मोकोलसारख्या फेसाचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, पोकळीत सळया उभ्या-आडव्या बांधायच्या आणि मध्ये काँक्रीट ओतायचं. सेंट्रिंग काढायचंच नाही. तोच फेस पुढे उष्णता अडवतो, म्हणून वीजबिलही उतरतं.

पण थांबा. फ्लोरिडातलं नेहमीचं काँक्रीटचं घर म्हणजे काय? भिंती काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांच्या, त्यांतल्या ठरावीक पोकळ्यांत उभ्या सळया आणि काँक्रीट, भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारी काँक्रीटची तुळई. आणि वरचं छप्पर? लाकडी कैच्यांचं! भिंत कितीही भक्कम असो, कैची त्या तुळईला नुसत्या तिरप्या खिळ्यांनी ठोकलेली असेल, तर छप्पर जाणारच. म्हणून पोलादी पट्टी लागते. तुळईच्या काँक्रीटमध्ये रोवलेली, कैचीवरून वळसा घालून दुसऱ्या बाजूला ठोकलेली. घराच्या किमतीपुढे या पट्ट्यांचा खर्च किरकोळ आहे. तरी त्या असल्या-नसल्यानं घराचं भवितव्य ठरतं, आणि म्हणूनच विम्याचा दरही ठरतो.

आता विम्याकडे वळू.

अँड्र्यूनंतर फ्लोरिडात बरंच काही बदललं. मोठ्या वादळात विमा कंपन्यांच्या पाठीशी उभा राहणारा राज्याचा निधी १९९३ साली झाला. सगळ्या राज्याला एकच इमारत-संहिता १ मार्च २००२ पासून लागू झाली. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, घरमालकानं घर वाऱ्याविरुद्ध मजबूत केलं असेल तर त्याला हप्त्यात सवलत द्यावीच लागेल, असं कायद्यानं विमा कंपन्यांवर बंधन आलं. मर्जीचा भाग राहिला नाही.

ही सवलत कशी मिळते? राज्यभर एकच छापील नमुना आहे, चार पानांचा. तो मला एखाद्या चांगल्या पाठ्यपुस्तकाइतका मोलाचा वाटतो. त्यात काय विचारलंय? घर कोणत्या संहितेखाली बांधलं? छपराचं आच्छादन कोणतं आणि कधीचं? छपराच्या फळ्या कोणत्या खिळ्यांनी, किती अंतरावर ठोकल्या आहेत, की छप्पर सळईच्या काँक्रीटचंच आहे? छप्पर आणि भिंत यांचा सांधा कसला, तिरपे खिळे, चाप, एक वळशाची पट्टी की दोन वळशांची? छप्पर दुपाखी आहे की चौपाखी? आच्छादन उडालं तरी पाणी आत येऊ नये म्हणून खाली दुसरा थर आहे का? खिडक्या-दारं उडत्या वस्तूंचा मार सोसतील अशी आहेत का, की त्यांना झडपा आहेत?

यातला चौपाखी छपराचा प्रश्न ऐकून कोकणातल्या मंडळींना बरं वाटेल. चारी बाजूंना उतरतं छप्पर, ज्यात त्रिकोणी भिंत वाऱ्यासमोर उघडी पडतच नाही, ते आपल्या वाडवडिलांनी अनुभवानं स्वीकारलं होतं. फ्लोरिडात त्यासाठी हप्ता कमी होतो.

हा नमुना भरतो कोण? घरमालक नाही, विमा एजंटही नाही. परवानाधारक अभियंता, वास्तुविशारद, ठेकेदार किंवा गृह-तपासनीस भरतो. तो माळ्यावर चढतो, खिळ्यांमधलं अंतर मोजतो, पट्टीचा फोटो काढतो. दिसू शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा फोटो जोडावा लागतो. खोटं लिहिलं तर तो गुन्हा. घरात मोठा बदल झाला नाही, तर हा कागद पाच वर्षं चालतो.

किती पैसे वाचतात? इथे सावधपणे बोललं पाहिजे, कारण विक्रेते मोठमोठी टक्केवारी सांगतात. सवलत पूर्ण हप्त्यावर नसते, हप्त्यातल्या फक्त वाऱ्याच्या हिश्श्यावर असते. समजा हप्ता ४,००० डॉलर आहे आणि त्यातले २,५०० वाऱ्याच्या धोक्यापोटी आहेत. ४० टक्के सवलत मिळाली, तर ती २,५०० वर, म्हणजे वर्षाला १,००० डॉलर. कमी नाही. दहा वर्षांत १०,००० होतात. शिवाय आणखी एक बचत आहे, जिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. चक्रीवादळाच्या नुकसानातला पहिला वाटा मालकानं सोसायचा असतो आणि तो बहुधा विमा रकमेच्या २ टक्के किंवा त्याहून जास्त असतो. ४ लाख डॉलरच्या घरावर २ टक्के म्हणजे ८,००० डॉलर स्वतःच्या खिशातून. ज्याचं छप्पर जागचं हललंच नाही, त्याला हे ८,००० मोजावेच लागत नाहीत.

आणि कंपन्यांना हे परवडतं का? परवडतं. आपत्ती येण्याआधी केलेल्या खर्चाचा अमेरिकेच्या राष्ट्रीय इमारत-विज्ञान संस्थेनं मोठा अभ्यास केला. केंद्र सरकारच्या अनुदानातून अशा कामांवर खर्च झालेल्या एका डॉलरमागे सरासरी सहा डॉलरचं पुढचं नुकसान टळतं, असं त्यात निघालं. टळलेल्या सहापैकी काही मालकाचे, काही सरकारचे आणि काही विमा कंपनीचे. त्यातलाच थोडा भाग हप्त्यातून परत करायचा आहे.

१० ऑक्टोबर २०१८ ला मायकेल वादळ फ्लोरिडाच्या मेक्सिको बीच या गावावर आलं. त्यानंतरचं एक छायाचित्र जगभर छापलं गेलं. समुद्रकिनाऱ्याची घरं पुसून गेलेली, आणि त्यांच्यामध्ये एक काँक्रीटचं घर खोल रोवलेल्या खांबांवर उभं. त्या घराच्या तळमजल्याच्या भिंती लाटेच्या माऱ्यानं मुद्दाम सुटून जाव्यात अशाच बांधल्या होत्या. त्या गेल्या, जिना गेला, घर राहिलं. संहितेनं सांगितल्याच्या बरंच पुढे जाऊन बांधलेलं ते घर होतं. शेजारची कित्येक घरं बांधली गेली तेव्हा राज्याच्या त्या पट्ट्याला संहितेतल्या काही कडक अटींतून सूट होती. ती सूट २००७ साली गेली, पण तोवर बांधलेली घरं तशीच राहिली होती.

आता या चित्राची दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल.

इतकं सगळं करूनही फ्लोरिडातला घराचा विमा अमेरिकेतल्या सर्वांत महागांपैकी आहे. कोर्टकज्ज्यांचा खर्च, विमा कंपन्या स्वतः जो विमा उतरवतात त्याचे चढे दर, किनाऱ्यावर दरवर्षी वाढणारी वस्ती, ही त्याची कारणं. तुमची भिंत यातल्या एकाही कारणावर परिणाम करू शकत नाही. टँपा, ऑर्लँडोकडे राहणारी आपली मराठी माणसंही हे हप्ते भरताहेत. मजबूत घर तुम्हाला शेजाऱ्यापेक्षा स्वस्त विमा मिळवून देतं, स्वस्त विमा मिळवून देईलच असं नाही. दुसरी गोष्ट पुराची. तिथे घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, त्यासाठी १९६८ पासून केंद्र सरकारची वेगळी योजना आहे, आणि तिथे भिंतीच्या जाडीपेक्षा जोत्याची उंची मोलाची.

आणि तिसरी, सर्वांत गंभीर. २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर मायामीजवळ सर्फसाइड इथे समुद्रकाठची बारा मजली इमारत कोसळली. ९८ माणसं गेली. ती काँक्रीटचीच होती. ना वादळ होतं, ना भूकंप. मूळ आराखड्यातल्या उणिवा होत्याच, त्यात वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं, सळया गंजत होत्या. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट फोडते, मग आणखी पाणी शिरतं. मुंबईत, रत्नागिरीत, मालवणात राहणाऱ्यांनी स्लॅबच्या पोटातून पापुद्रे पडताना पाहिलेच असतील. त्यानंतर फ्लोरिडानं तीन आणि त्याहून जास्त मजल्यांच्या सदनिका-इमारतींची ३० वर्षांनी सक्तीची तपासणी आणली. मुंबईतही ३० वर्षांनंतर स्ट्रक्चरल ऑडिटची तरतूद आहे. ते किती ठिकाणी मनापासून होतं, ते सोसायटीच्या सभासदांनी स्वतःला विचारावं.

श्रोतेहो, अँड्र्यूनंतर तेरा महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आपल्याकडे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. झोपेतली हजारो माणसं त्याखाली गेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणजे कुणी नकाशा पाहून विम्याचा दर ठरवला असता, तर तो सर्वांत कमी निघाला असता! आणि आपल्याकडेही संहिता होतीच. भिंतीत दारांच्या माथ्यावर काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवा, असं भारतीय मानक १९६० च्या दशकापासून सांगत होतं. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि भूकंपाला टिकतील अशी घरं बांधली गेली.

मग काँक्रीट आलं म्हणून आपण सुटलो का? २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला आणि इमारती दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत पडल्या. काँक्रीटच्या, नव्या इमारती. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, वर भिंतींनी भरलेले मजले, आणि कित्येक खांबांत सळयांभोवतीच्या रिंगा विरळ, रिंगांची टोकं आत न वाकवलेली. खांब हलला की अशी रिंग उघडते आणि सळई बाहेर फुगते. थोडंसं लोखंड वाचवलेलं असतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं. स्लॅबची घरं बहुतेक राहिली, पत्रे आणि कौलं उडाली. अँड्र्यूच्या निम्म्याहून कमी वेगाच्या वाऱ्यानं! पत्रा ज्या हुकांनी अडकवला होता ते हूक, आणि लोखंडी कैची ज्या भिंतीवर नुसती टेकली होती तो सांधा, तिथेच घर हरलं.

आता आपल्याकडच्या विम्याबद्दल. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणं सामान्य विमा कंपन्यांवर बंधनकारक झालं. ती चांगली आहे, हे मी मोकळेपणानं सांगतो. आग, भूकंप, वादळ आणि पूर, सगळं एकाच कागदात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात ज्यांनी घरातलं सगळं गमावलं, त्यांना याचं मोल समजावून सांगावं लागणार नाही. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत, फक्त बांधकामाची धरतात, म्हणून हप्ता वर्षाला साधारण काही हजार रुपयांतच बसतो. तरीही फार थोडी माणसं ती घेतात. बँकेनं कर्जाबरोबर लावली तर लावली.

पण या पॉलिसीसाठी घराबद्दल काय विचारतात? पक्कं की कच्चं, किती वर्षांचं, कुठे. बस्स. ज्यानं खांबात रिंगा दाट घातल्या, पत्र्याला पट्ट्या मारल्या, जोतं पूररेषेच्या वर घेतलं, आणि ज्यानं यातलं काहीच केलं नाही, त्या दोघांना तोच दर. मग पहिल्यानं का करावं? तो करतो ते मुलाबाळांच्या काळजीनं. त्या काळजीला पैशाचीही साथ मिळायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

कुणी म्हणेल, आपला हप्ताच एवढा लहान, त्यातल्या सवलतीसाठी कोण घर मजबूत करेल? बरोबर आहे. नुसत्या हप्त्यावर हे चालणार नाही. म्हणून तपासणीचा तो कागद गृहकर्जाच्या व्याजाला जोडा, घरपट्टीला जोडा, सरकारी घरकुलाच्या अनुदानाच्या शेवटच्या हप्त्याला जोडा. सवलतीचे चार झरे एका ठिकाणी आले, तरच गवंड्याच्या हातापर्यंत काही पोचेल. आणि नमुना महाराष्ट्राचा हवा, फ्लोरिडाची नक्कल नको. कोकणासाठी त्यात पत्र्याचे हूक, कैचीचा सांधा आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर विचारा. मराठवाड्यासाठी भिंतीतला काँक्रीटचा पट्टा आणि दगडी भिंतीतले आडवे बांधदगड. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला जोत्याची उंची आणि विजेचं बोर्ड किती वर आहे ते. शहरात खालचा पार्किंगचा मजला.

सरकार हे कधी करेल, मला सांगता येणार नाही. पण एक काम उद्यापासून होऊ शकतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. सभागृहात अभियंते आहेत, ठेकेदार आहेत, घर बांधायला काढलेली कुटुंबंही असतील. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी, खांबाच्या सळया बांधून झाल्यावर, पत्रा चढवताना, मोबाइलवर फोटो काढा. रिंगांवर मोजपट्टी धरून काढा. तारीख दिसू द्या. अभियंत्याची सही असलेल्या कागदाबरोबर ते फोटो घराच्या खरेदीखताच्या फायलीत ठेवा. काँक्रीट एकदा ओतलं, की आत काय आहे हे पाहण्याची संधी पुन्हा मिळत नाही. पुढे कुठलीही विमा कंपनी, कुठलीही बँक विचारेल, तेव्हा दाखवायला ती फाइल लागेल. आणि फोटो काढायचे आहेत हे गवंड्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.